बसून राहिलो होतो

सुखदेव मेश्राम बसण्याआधी तसं जाहीर करतात.

सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी फिरायला येणाऱ्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. चालता चालता ते एकाएकी थांबतात, खांद्यावरचं घडी घातलेलं पोतं झटकून कट्ट्यावर अंथरतात, उजवा हात वर करतात आणि दहा माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "लिहून घ्या! सुखदेव मेश्राम बसून राहिला!" मगच टेकतात. ठरावीक वेळ गेला की पुन्हा हात वर. "लिहून घ्या! सुखदेव मेश्राम उठून राहिला!" नवखी माणसं दचकून आजूबाजूला बघतात, लिहून घेणारा कोण आहे म्हणून. कुणी नसतं.

पूर्वी होता. तो मी. पण ते पुढं सांगतो. तेवढ्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

मेश्रामांचं वय शहात्तर. काटक शरीर, उन्हात रापून काळवंडलेली मान, डोक्याला दुपट्टा, पायात कॅनव्हासचे बूट. उभी हयात रस्त्यांच्या सरकारी खात्यात मैल मजूर म्हणून गेली. मैल मजुराकडं रस्त्याचे ठरलेले मैल असत. खड्डा दिसला की मुरूम टाकायचा, धुम्मस मारून बसवायचा आणि पुढं चालायचं. त्या कामात मेश्रामांनी स्वतःपुरता एक कायदा केला होता: पाच खड्डे, एक बसणं. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, खड्डे बुजवणं सुटलं, कायदा सुटला नाही. आता ते जगातलं प्रत्येक काम खड्ड्यांत मोजतात. जिना चढणं दीड खड्डा. बाजारातून भाजी आणणं दोन. बँकेतलं काम चार, कारण "लाईनीत उभं राहनं चालन्याहून वाईट राहते जी." नातेवाइकाचं लग्न सात खड्डे, नवरदेव उशिरा आला तर नऊ. पाच भरले की माणूस बसलाच पाहिजे, मग तो बोहल्यासमोर का असेना.

"थकल्यावर बसला थो पडला," असं त्यांचं ब्रीद आहे. "थकाच्या आधी बसला थो बसला."

एकदा आमच्यातल्या एका बाईंनी मनगटावरचं नवं घड्याळ त्यांना कौतुकानं दाखवलं. "काका, बघा, आज माझी आठ हजार पावलं झाली."

"अन् बसनं किती झालं वं माय?"

"बसणं नाही मोजत ते."

"मंग अर्धंच घड्याळ देल्लं तुले दुकानदारानं," मेश्राम गंभीरपणे म्हणाले. "वापस कर."

दुपारी ते दीड तास झोपतात आणि दारावर पाटी टांगतात. खरीखुरी शाळेची पाटी, तिच्यावर खडूनं लिहिलेलं: "झोपून राहिलो. साडेतीनले उठतो. घंटी वाजवू नये. – सु. मेश्राम." त्यांच्या समोरच्या घरात एक बँकवाले बिऱ्हाड आलं, पुण्याकडचं. त्या बाईंनी पाटी वाचली आणि काळजीनं माझ्या बायकोला, सुमतीला, विचारलं, "समोरचे काका अंथरुणाला खिळलेत का हो? 'झोपून राहिलो' लिहिलंय." आणि बिचारीनं दोन शहाळी त्यांच्या दारात ठेवली. मेश्राम उठले, दोन्ही शहाळी प्यायले आणि सुमतीला म्हणाले, "रोज वाचत जा म्हना त्यायले."

सुमती हसून हसून सांगत होती. मी हसलो नाही. ती एकदम गप्प झाली, कारण मी का हसत नाही ते तिला माहीत होतं.

माझी ओळख करून देतो. मी मूळचा साताऱ्याकडचा. नोकरीसाठी नागपूरला आलो तो इथलाच झालो. छत्तीस वर्षं कारकुनी केली, म्हणजे छत्तीस वर्षं बसलो. गेल्या वर्षी माझी छाती उघडून शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, "काका, थोडं चाला, थोडं बसा, पुन्हा थोडं चाला. इतकं साधं आहे." हे इतकं साधं मला जमेना. पहिले तीन आठवडे मी पलंगावरून हललोच नाही. सुमती बोलबोल बोलली. मग एके सकाळी मला तिचा राग आला आणि त्या रागात मी तलावाला एका दमात पाऊण फेरी मारली. उरलेली पाव फेरी ऑटोत झाली. डोळे उघडले तेव्हा माझं डोकं कुणाच्या तरी मांडीवर होतं, खाली पोत्याचा वास होता आणि वरून आवाज येत होता, "तुमी एक तं जीप, नाई तं गॅरेज. मंधातली सायकल होता नाई येत काय बाबू तुमाले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मेश्राम आमच्या फाटकाशी उभे. "चला बाबू."

कॉलनीत मला सगळे सर म्हणतात, नाही तर काका. बाबू म्हणणारे एकटे तेच. माझ्या चेहऱ्यावर कारकुनी उमटली असेल, असं मी धरून चाललो.

पहिल्या दिवशी आम्ही विजेचे तीन खांब चाललो. तिसऱ्या खांबाशी ते थांबले. "बसा."

"मी थकलो नाही अजून."

"म्हनूनच."

त्यांनी पोतं उलगडलं, अर्धं माझ्याकडं सरकवलं, हात वर केला आणि जगाला कळवलं. मला इतकी लाज वाटली की वाटलं तलावात उडी मारावी. पण ते किती खड्डे झाले असते कोण जाणे. दुसऱ्या आठवड्यात पाच खांब. दोन महिन्यांनी अर्धी फेरी. कधी मला चेव यायचा आणि मी पुढं निघायचो, तर मागून हाक, "ओ जीप! ब्रेक मारा!" कधी पाऊल उचलवत नसे, तर म्हणत, "चला, गॅरेज बंद झालं." आठ महिन्यांत मी चार बसण्यांत पूर्ण फेरी मारू लागलो. डॉक्टरांनी विचारलं, "कुणाकडं जाता व्यायामाला?" मी म्हणालो, "रस्ते खात्याकडं."

बसण्याचे नियम कडक होते. बसल्यावर बोलायचं नाही. "तोंडालेही बसू द्या जी. थेही दिवसभर चालून राहिलं." फोन नाही, पेपर नाही. फक्त समोर पाणी बघायचं. अपवाद एकच: कुणी नवखा माणूस येऊन विचारायचा, की काका, तुम्ही हे "लिहून घ्या" का म्हणता? मग मेश्रामांची कळी खुलायची. नियम बाजूला ठेवून ते गोष्ट सांगायचे.

"मी मैल मजूर होतो, पोट्टा होतो, पंचवीस वर्साचा. उन्हाया लागला होता. माह्या मैलावर निंबाचं झाड. साहेबाची जीप आली, अन् मी—" इथं ते थांबून सगळ्यांकडं बघत, "मी बसून राहिलो होतो! साहेबानं चवकशी लावली. माहा जबाब घेतला. बाबूनं टाकाटाक लिहून घेतला. अन् माही बदली झाली खाप्याच्या रोडवर, घरापासून दूर, सहा वर्स! तवापासून ठरवलं, आपन बसाचं तं सांगूनसवरून बसाचं. लिहून घ्या!"

लोक टाळ्या वाजवत. साहेबापुढं न उठलेला माणूस! मी पाण्याकडं बघत राही.

ती गोष्ट पहिल्यांदा कानावर आली, तेव्हा माझ्या छातीतले टाके ओढल्यासारखे झाले. कारण तो जबाब लिहून घेणारा बाबू मीच होतो.

आता नीट सांगतो. पन्नास वर्षं उलटून गेली. मला नागपुरात येऊन आठ महिने झाले होते, नोकरीत कायम व्हायचो होतो. इथली बोली मला समजू लागली होती. इतकी, की संध्याकाळी खोलीवर मी तिची नक्कल करून मित्रांना हसवायचो. "जेवून राहिलो", "येऊन राहिलो". म्हणजे जेवतोय, येतोय. हे मला पक्कं ठाऊक होतं, हे लक्षात ठेवा.

चौकशीच्या दिवशी पंचविशीतला एक बारकासा मजूर टेबलासमोर उभा होता. हातात टोपी. साहेब माझ्याच मुलखाकडचे, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी विचारलं, "माझी जीप आली तेव्हा तू काय करत होतास?"

तो म्हणाला, "बसून राहिलो होतो जी."

जबाब बोलल्याबरहुकूम लिहायचा असा नियम. मी लिहिलं: "साहेबांची जीप आली तेव्हा मी बसून राहिलो होतो." नागपूरच्या कानाला याचा अर्थ एवढाच, की मी बसत होतो. सकाळपासून सात खड्डे बुजवून झाले होते, दोन वरच झाले होते, कंबर वाकवली होती, बूड अजून जमिनीला लागायचं होतं, तेवढ्यात वळणावरून जीप आली. त्यानं कंबर सरळ करेपर्यंत धुरळा उरला होता. पण साताऱ्या-पुण्याच्या कानाला त्याच वाक्याचा अर्थ होतो, की बसलो तो बसलोच, उठलो नाही.

साहेब लाल झाले. "बसून राहिला? आणि वर तोंड करून सांगतो? मेश्राम काय तू? बरोबर आहे. आता कोण उठणार आमच्यासमोर!" त्या 'बरोबर आहे'मध्ये काय काय होतं ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं. खाली शेरा त्यांनी मलाच सांगून लिहवून घेतला: "वरिष्ठांची जीप पाहूनही कर्मचारी उठला नाही, हे त्याने स्वतः कबूल केले आहे."

मला एक वाक्य बोलायचं होतं. साहेब, इकडं याचा अर्थ तसा नाही. बस, एवढंच. पण साहेबांचा चेहरा पाहिला, माझा कायमचा हुकूम त्यांच्याच टेबलावर होता हे आठवलं, आणि मी टाक शाईत बुडवला. त्या मजुरानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा. मी शेरा सुंदर अक्षरात लिहिला.

पुढं लग्न झाल्यावर मी तो किस्सा सुमतीला विनोद म्हणून सांगितला. ती हसली नव्हती.

तर गेले आठ महिने हा माणूस रोज सकाळी मला चालायला शिकवत होता आणि मी रोज ठरवत होतो, आज सांगायचं. पण सांगणार कधी? चालताना मला दम लागायचा. बसल्यावर बोलायला बंदी. एकदा धीर करून मी बसल्या बसल्या सुरुवात केली, "मेश्राम, फार वर्षांपूर्वी—" त्यांनी ओठावर बोट ठेवलं. "तोंड बसून राहिलं बाबू."

खरं कारण वेगळंच होतं. सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी कुणी आलंच नाही, तर? एकट्यानं मला ना चालता येत होतं, ना थांबता. माझा मुलगा परगावी, सुमतीचे गुडघे गेलेले. या माणसाची सहा वाजताची हाक हेच माझं औषध होतं. पन्नास वर्षांपूर्वी मी नोकरीसाठी गप्प बसलो होतो, आता जिवासाठी बसत होतो. माणूस तोच.

"सांगून टाका," सुमती म्हणायची. "छाती एकदा उघडून झालीच आहे. दुसऱ्यांदा काय दुखणार?"

मग आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची स्मरणिका निघायची ठरली. 'आपल्यातली माणसं' असं एक सदर, आणि पहिलं नाव अर्थातच मेश्रामांचं. कुणीतरी म्हणालं, "त्यांची ती जीपची गोष्ट त्यांच्याच शब्दांत पाहिजे. सरांचं अक्षर मोत्यासारखं. सर लिहून घेतील."

माझ्या पोटात खड्डा पडला. हा एकच, पण पाचांना भारी होता.

तोवर मी मेश्रामांच्या घरी कधी गेलो नव्हतो. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर, आणि डॉक्टरांनी मला जिना मना केला होता. आता परवानगी मिळाली होती. ते खाली येऊन थांबले होते. पहिल्या मजल्यावर पोतं अंथरून मला बसवलं, जाहीर केलं, मग वर नेलं. मुलगी शाळेत शिकवते, ती कामावर गेलेली. त्यांनी स्वतः चहा केला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी एक जुनी चौकट. चष्मा खिशात असल्यानं तिच्यात काय आहे ते मला दिसलं नाही.

"हं, लिहा," मांडी घालून ते म्हणाले. "उन्हाया लागला होता. माह्या मैलावर निंबाचं झाड. साहेबाची जीप आली तवा मी बसून राहिलो होतो."

मी "साहेबाची जीप आली तवा मी" इथपर्यंत लिहिलं. हात पुढं जाईना.

"काहून बाबू? शाई सरली काय?"

मी पेन खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. चालताना लागत नाही इतका दम लागला. शेरा सांगितला, टेबलावरचा कायमचा हुकूम सांगितला, ते न बोललेलं वाक्य सांगितलं. नक्कल करून हसवायचो तेही सांगितलं.

मेश्राम उठले. हात वर न करता, काही न जाहीर करता उठले. आठ महिन्यांत असं पहिल्यांदा झालं आणि मला वाटलं, संपलं. उद्यापासून फाटकाशी कुणी नाही.

त्यांनी भिंतीवरची ती चौकट काढली, दुपट्ट्यानं पुसली आणि माझ्या मांडीवर ठेवली. मी चष्मा लावला. पिवळा पडलेला कागद. जबाबाची नक्कल, खाली शेरा. अक्षर माझं.

"तुमचा 'ब' पाहा," ते म्हणाले. "शेपटीवाला. पन्नास वर्स पाहून राहिलो त्याले. तुमी मंडळात आले, रजिस्टरात नाव लिहिलं, तवाच वळखला."

"म्हणजे मला ऑटोत घातलंत तेव्हा—"

"त्याच्याही आधीपासून. नाई तं बाबू कायले म्हनलं असतं?"

"मग बोलला का नाहीत?"

"कवा बोलू? चालतानी तुमाले दम लागते." ते हसले. मग चौकटीवर बोट ठेवून म्हणाले, "हे कोनं मढवलं, सांगा."

मी मान हलवली.

"माह्या बापानं. छप्पनले दीक्षा घेतली तवापासून त्याचं एकच, आता कोनापुढं वाकाचं नाई. अन् मी त्याचा पोट्टा, साहेब दिसला का तीनदा सलाम ठोकाचो. लय नाराज राहे माह्यावर. रात्रीच्या शाळेत वाचाले शिकला होता. हा कागद आला, खालचा शेरा वाचला. 'उठला नाही, हे त्याने स्वतः कबूल केले आहे.' पुन्हा वाचला. अन् मले पोटाशी धरलं जी. मोठा झाल्यावर पहिल्यांदा. मी सांगाले गेलो, का बाबा, तसं नाई, मी उठतच होतो. त्याच्या तोंडाकडं पाह्यलं अन् चूप झालो. मोहल्ल्यात पेढे वाटले त्यानं. पोराची बदली झाली म्हनून पेढे! मरेपर्यंत सांगे, माहा सुखदेव साहेबापुढं उठला नाई." त्यांनी चौकट माझ्याकडून घेतली. "तं एक वाक्य तुमी नाई बोल्ले, एक मी नाई बोल्लो. फिटंफाट."

मला तेवढ्यावर सुटता आलं असतं. पण एकदा सुटलो होतो. मी विचारलं, "आणि खाप्याची सहा वर्षं?"

त्यांनी चहाचे कप उगाच जवळ ओढले.

"पोरगी अकरा महिन्याची होती, मी गेलो तवा. भिताडाले धरून उभी राहे. तीन महिन्यानं सुट्टी भेटली, घरी आलो, तं थे अंगनात धावून राहिली होती." ते हसायला गेले, ते नीट जमलं नाही. "चालतानी पाहाची राहूनच गेली. पहिलं पाऊल, मंग पडनं, मंग रडनं, मंग दुसरं पाऊल. बायको सांगे सारं. पन सांगनं वेगळं अन् पाहनं वेगळं." कप बाजूला सारत ते म्हणाले, "मंग पारसाल तुमी पडले तलावावर. तीन खांब चालाले येत नव्हतं तुमाले. म्हनलं, चला सुखदेवराव, हे तरी पाहून घेऊ."

मी रडलो. म्हाताऱ्याला रडताना पाहणं बरं दिसत नाही, म्हणून मेश्राम खिडकीतून बाहेर बघत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, "झालं? आता लिहा."

"काय लिहू? 'बसत होतो' असं करू?"

"अजिबात नाई! जे बोल्लो थेच लिहा. अन् खाली थे एक वाक्य टाका, जे तवा टाकलं नाई."

मी लिहिलं: "साहेबाची जीप आली तवा मी बसून राहिलो होतो." आणि खाली, तितक्याच काळजीनं काढलेल्या अक्षरात: "नागपूरकडे याचा अर्थ 'बसत होतो' असा आहे. हा माणूस उठला नाही, हे खरे नाही. तो अजून बसलाच नव्हता. हे लिहून घेणाऱ्याला त्याच दिवशी माहीत होते."

त्यांनी दोनदा वाचलं. "बापाचंही लिहा," म्हणाले. "आता थो नाई, काई बिघडत नाई. शेरा खोटा होता, पन पेढे खरे होते."

स्मरणिकेला जागा कमी होती, तिथं एवढंच छापलं गेलं. उरलेलं मी इथं लिहितो आहे, त्यांच्या परवानगीनं.

दुसऱ्या दिवशी मी पाचलाच जागा झालो. मनात आलं, समोरासमोर माणूस माफ करतो, पण पाठ वळल्यावर त्याला ती सहा वर्षं आठवतात. सहा वाजले. फाटकाशी कोणी नाही. सहा वाजून पाच. सुमती म्हणाली, "अहो, आत तरी बसा." मी उभाच. सव्वासहाला कोपऱ्यावरून दुपट्टा दिसला. त्यांच्या खांद्यावर आज दोन पोती होती.

"शिवाले वेळ लागला," दुसरं पोतं माझ्या खांद्यावर टाकत ते म्हणाले. कडेला लाल दोऱ्याचे टाके होते. "आठ महिने माह्या अर्ध्यावर बसून राहिले. आता तुमचं तुमाले. चला बाबू."

आम्ही चालू लागलो. पाण्यावर बगळे उतरत होते. एक खांब, दोन खांब, पाच, सात. मी थकलो नव्हतो. अजून दोन खांब सहज गेलो असतो. आणि त्यांच्याकडून काही येण्याआधीच मी थांबलो, पोतं झटकलं, अंथरलं आणि उजवा हात वर केला.

"लिहून घ्या!" माझा आवाज फाटला. घड्याळवाल्या बाई थबकल्या. "बाबू बसून राहिला!"

मेश्राम कमरेवर हात ठेवून माझ्याकडं बघत होते. मी गुडघ्यावर हात टेकून वाकलो, निम्म्यात.

"बसले काय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी तसाच वाकलेला म्हणालो, "बसून राहिलो."

"हां. आता समजलं तुमाले," ते म्हणाले आणि माझं कोपर धरलं. मी पुरता टेकेपर्यंत सोडलं नाही.